बेळगावात बसून अरबी-इंग्रजी डायव्हिंग प्लॅटफॉर्म उभारताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वेब डेव्हलपरला आखातातलं काम बहुतेक वेळा ओळखीतूनच मिळतं. मस्कतला हॉटेलात असलेला मामेभाऊ, जेद्दाला साइटवर असलेला गल्लीतला कुणी, आणि त्याच्या ओळखीचा एखादा डायव्ह सेंटरवाला. मागणी ऐकायला साधी असते: डायव्हरांची नोंदवही, सहलींचं बुकिंग, डायव्हिंगच्या जागांची माहिती, आणि सगळं अरबीत नि इंग्रजीत. टिळकवाडीतल्या ऑफिसात लगेच हिशेब मांडला जातो की आधी इंग्रजीत साइट पूर्ण करू आणि शेवटच्या आठवड्यात अरबी मजकूर चढवू.

हा क्रम उलटा करा. आधी अरबी बांधा, मग इंग्रजी. दुकानाची पाटी रंगवून झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात दुसरी भाषा कोंबली की ती कशी दिसते, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पाटीवरच्या अक्षरांचं क्षेत्रफळसुद्धा कायद्याने मोजतात. २०२४ पासून कर्नाटकात पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. स्क्रीनवर अरबीची तीच गत होते. बटणं उलट्या बाजूला, आकडे उलट क्रमाने, अक्षरं तुटलेली. कपड्यांच्या दुकानाच्या साइटवर हे नुसतं वाईट दिसलं असतं. इथे आकडे म्हणजे खोली, हवेचा दाब आणि बोटीचं ठिकाण आहे, त्यामुळे हिशेब वेगळा.

कोड लिहिण्याआधी तारकर्ली

डायव्हिंग म्हणजे काय हे व्हिडिओ बघून कळल्यासारखं वाटतं, पण फॉर्ममध्ये रकाने चुकतात. आपल्याला समुद्र लांब नाही. आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे मालवण गाठता येतं. तिथे तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. कर्नाटकच्या बाजूने जायचं तर मुरुडेश्वरहून बोटीने नेत्राणी बेट. पावसाळ्यात दोन्हीकडे डायव्हिंग बंद असतं, त्यामुळे कामाचं वेळापत्रक ठरवताना हे लक्षात ठेवा. स्वतः पाण्यात उतरलात तर उत्तमच. नाहीतर एखाद्या प्रशिक्षकाची भरलेली लॉगबुक समोर ठेवून तासभर प्रश्न विचारा. डिझाइनचे धडे गिरवण्यापेक्षा तो तास जास्त कामाला येतो.

लॉगबुकात साधारण हे असतं: जागा, तारीख, पाण्यात उतरल्याची आणि वर आल्याची वेळ, कमाल खोली, सिलिंडरचा आकार, सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, कोणता वायू, पाण्याचं तापमान, दृश्यमानता, कमरेला लावलेल्या शिशाच्या वजनाचे किलो, कोणता सूट, जोडीदाराचं नाव, आणि गरज असेल तिथे प्रशिक्षकाची सही-शिक्का. यातला प्रत्येक रकाना कुणाच्या तरी उपयोगाचा असतो. वजन लिहून ठेवलं की पुढच्या वेळी भाड्याचं सामान घेताना आठवावं लागत नाही. शेवटचा दाब लिहिला की माणूस हवा किती वेगाने संपवतो ते कळतं. म्हणून क्लायंटने "पाचच रकाने ठेवा" म्हटलं तरी डेटाबेसमध्ये सगळे ठेवा आणि स्क्रीनवर पाच दाखवा.

प्रमाणपत्रांचा गुंता वेगळाच. डायव्हरांना प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांपैकी सीमास १९५९ ची, पाडी १९६६ ची, एसएसआय १९७० ची. प्रत्येकीच्या पायऱ्यांना वेगळी नावं आणि मर्यादाही अगदी सारख्या नाहीत. पाडीचा ओपन वॉटर डायव्हर १८ मीटरपर्यंत, ॲडव्हान्स्ड ३० मीटरपर्यंत, आणि हौशी डायव्हिंगची एकूण हद्द ४० मीटर. सीमासचा एक-तारा डायव्हर २० मीटरपर्यंत जातो. दहा-अकरा वर्षांच्या ज्युनियर डायव्हरला १२ मीटरची हद्द. त्यामुळे पातळीसाठी एक, दोन, तीन असा सरळ आकडा ठेवून चालत नाही. संस्था, पायरी आणि त्या पायरीची खोली अशी तीन टेबलं करा, म्हणजे सहलीच्या पानावर "इथे ३० मीटरची पात्रता हवी" एवढं लिहिलं तरी कार्ड कोणत्याही संस्थेचं असलं तरी तुलना होते.

काय बांधायचं नाही

क्लायंटच्या यादीत एक गोष्ट हमखास येते: किती खोल किती वेळ राहता येईल, याचं गणित करून देणारा प्लॅनर. याला सरळ नाही म्हणा. रक्तात विरघळणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब मनगटावरच्या डायव्ह कॉम्प्युटरचं काम आहे. त्यामागे तपासलेली अल्गोरिदमं असतात. आपल्या जावास्क्रिप्टने दिलेला आकडा बघून कुणी पाण्यात उतरू नये, आणि असं कलम करारातही घाला.

मात्र त्याच नायट्रोजनमुळे विमानाच्या वेळेची आठवण जरूर करून द्या. डॅन या डायव्हर सुरक्षा संस्थेचा सल्ला असा की एकच साधी डायव्ह झाली असेल तर विमानात बसण्याआधी किमान १२ तास जावेत, अनेक डायव्ह किंवा अनेक दिवस झाले असतील तर किमान १८ तास. बुकिंगच्या वेळी परतीच्या विमानाची वेळ विचारा आणि शेवटची डायव्ह या मर्यादेत येत असेल तर तिथेच अडवा. फॉर्ममध्ये एक रकाना वाढतो, पण बाकी दहा सोयींपेक्षा हा जास्त उपयोगी आहे. वेळा साठवताना सगळं यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवा. इजिप्तने २०२३ पासून उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे नेणं पुन्हा सुरू केलं आहे. ओमान आणि सौदीत तो प्रकार नाही. एकाच माणसाची सहल मस्कतहून इजिप्तमधल्या हुरघाडाला गेली की हा फरक बोचतो.

अरबी लिहिणार कोण

इथे बेळगावात एक चकवा आहे. आपल्याकडे उर्दू लिहिता-वाचता येणारी पुष्कळ माणसं आहेत, त्यामुळे "लिपी तीच की" म्हणून काम त्यांच्याकडे जातं. लिपी जवळची आहे, भाषा नाही. आणि टायपिंगमध्ये एक न दिसणारी अडचण दडलेली असते. उर्दू कीबोर्डवरचे 'ये', 'काफ' आणि 'हे' डोळ्यांना अरबीसारखेच दिसतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. उर्दू कीबोर्डने टाइप केलेलं बेटाचं नाव स्क्रीनवर नीट दिसतं, आणि मस्कतच्या माणसाने त्याच्या फोनवरून शोधलं की सापडतच नाही. गल्लीतल्या मौलवीसाहेबांना कुराणाची अरबी उत्तम येत असेल, पण रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारं उपकरण) किंवा उत्प्लावन जॅकेटसाठी जेद्दाच्या बोटीवर कोणता शब्द चालतो, हे तिथला प्रशिक्षकच सांगू शकतो.

त्यामुळे मजकूर आखातात राहणाऱ्या, अरबी मातृभाषेच्या आणि स्वतः डायव्हिंग करणाऱ्या माणसाकडून घ्या. क्लायंटकडे असा प्रशिक्षक असतोच. त्याला मजकूर पाठवण्याआधी शंभर-दीडशे शब्दांचा कोश एका शीटमध्ये तयार करा: इंग्रजी शब्द, ठरलेला अरबी शब्द, कुठे वापरायचा, आणि एक फोटो. फोटोला महत्त्व आहे, कारण सामानाची नावं इजिप्तमध्ये एक आणि आखातात दुसरी असू शकतात. मूळ मजकुरासाठी प्रमाण अरबी, म्हणजे फुस्हा घ्या. ती सगळ्या अरब देशांत वाचली जाते. बोलीतला विनोद समाजमाध्यमांवर राहू द्या.

आणि अनेकवचन. मराठीत एक डायव्ह, दोन डायव्ह म्हटलं की झालं. अरबीला सहा रूपं लागतात: शून्य, एक, दोन, तीन ते दहा, अकरा ते नव्व्याण्णव, आणि शंभरासारखे उरलेले. "तुमच्या नोंदवहीत इतक्या डायव्ह" हे साधं वाक्यसुद्धा सहा प्रकारे लिहून घ्यावं लागतं. आकड्यावरून योग्य रूप निवडायला ब्राउझरमध्ये इंटल प्लुरल रूल्स आहे, आय१८नेक्स्टसारख्या लायब्ररीत सहाही रूपांची सोय आहे. फक्त अनुवादकाला आधी सांगा, नाहीतर तो एकच वाक्य लिहून पाठवेल आणि तुम्ही आकडा आणि शब्द जोडत बसाल. वाक्याचे तुकडे जोडून वाक्य बनवणं तर या कामात पूर्ण बंद ठेवा.

पत्ता, मांडणी आणि आरसा

प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता द्या. शोधयंत्रांसाठी तेच बरं, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक समोरच्याला त्याच भाषेत उघडते. भाषा बदलण्याचं बटण प्रत्येक पानावर ठेवा, त्यावर त्या भाषेचं नाव त्याच भाषेत लिहा. झेंडा लावू नका. अरबी बोलणारे देश वीसहून जास्त आहेत, त्यातला कुणाचा लावणार? बटण दाबल्यावर माणूस मुखपृष्ठावर फेकला न जाता त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेत पोचला पाहिजे. फॉर्म अर्धा भरलेला असेल तर भरलेलं तसंच राहायला हवं.

एचटीएमएलच्या मुळाशी भाषा आणि दिशा, दोन्ही जाहीर करा. मग सीएसएसमध्ये डावं-उजवं हे शब्दच वापरू नका. मार्जिन-लेफ्टच्या जागी मार्जिन-इनलाइन-स्टार्ट, टेक्स्ट-अलाइन लेफ्टच्या जागी स्टार्ट. टेलविंड वापरत असाल तर एमएस, एमई, पीएस, पीई हे वर्ग याच कामासाठी आहेत. बूटस्ट्रॅपच्या पाचव्या आवृत्तीत उजवीकडून डावीकडे मांडणीची सोय आहे, फ्लटरमध्ये एज-इन्सेट्स-डायरेक्शनल आहे. पहिल्या दिवसापासून अरबी मांडणी डोळ्यासमोर ठेवली की हे आपोआप हातात बसतं. शेवटी बदलायला गेलात तर प्रत्येक पानावर एकेक डावी समास शोधत फिरावं लागतं, आणि शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे क्लायंट गुरुवारी संध्याकाळी काम मागतो.

काय उलटवायचं आणि काय नाही, याची यादी आधीच ठरवा. मागे जाण्याचा बाण, मेनू, पायऱ्यांचा क्रम, कॅलेंडरची चौकट हे उलटतात. नकाशा, घड्याळ, व्हिडिओचं प्ले बटण हे तसेच राहतात. डायव्हिंगमध्ये या यादीत तिघांची भर पडते. पहिलं, डायव्हरचा झेंडा: लाल पार्श्वभूमीवर पांढरा तिरका पट्टा, काठीकडच्या वरच्या कोपऱ्यातून समोरच्या खालच्या कोपऱ्याकडे. सगळी चिन्हं एका नियमाने उलटवणाऱ्या थीममध्ये तो पट्टा उलटा तिरका होतो. दुसरं, खोलीचा आलेख. माझं मत असं की अरबी पानावरही तो डावीकडून उजवीकडेच ठेवावा, कारण डायव्ह कॉम्प्युटरच्या पडद्यावर डायव्हरने तो तसाच पाहिलेला असतो. फक्त अक्षांवरचा मजकूर अरबीत द्या. तिसरं, अंगठा. फॉर्म पूर्ण झाला की वर केलेला अंगठा दाखवायची आपल्याला सवय आहे. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ "वर चला, डायव्ह संपवा" असा असतो आणि "सगळं ठीक" साठी अंगठा-तर्जनीचं वर्तुळ करतात. डायव्हरांसाठीच्या साइटवर यशाची खूण म्हणून अंगठा दिसला की कुठलाही प्रशिक्षक हसतो.

आकडे: इथे जास्तीत जास्त वेळ द्या

अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण त्यातला आकडा डावीकडून उजवीकडेच लिहिला जातो. एका ओळीत दोन्ही दिशा आल्या की कोणता तुकडा कुठे ठेवायचा हे युनिकोडचं द्विदिश अल्गोरिदम ठरवतं. ते हुशार आहे, पण त्याला अर्थ कळत नाही. त्यातून चार गोष्टी वारंवार बिघडतात.

फोन नंबर: अरबी परिच्छेदात जागा सोडून लिहिलेले अंकांचे गट उलट क्रमाने दिसतात, म्हणजे शेवटचा गट डोळ्याला आधी येतो, आणि देशाच्या कोडाआधीचं अधिक चिन्ह भलत्याच टोकाला जातं. आणीबाणीचा नंबर असा दिसला तर काय होईल याचा विचार करा.

अक्षांश-रेखांश: स्वल्पविराम आणि जागा सोडून लिहिलेली जोडी अरबी ओळीत अदलाबदल होऊन दिसते. लाल समुद्रात १९४१ साली बुडालेलं थिसलगॉर्म जहाज साधारण २७.८ उत्तर, ३३.९ पूर्व इथे आहे. हे दोन आकडे उलटे वाचून जीपीएसमध्ये घातले की बोट कागदावर भूमध्य समुद्रात जाते. ही चूक लगेच लक्षात येते म्हणून बरं. दोन आकडे जवळजवळचे असतील तर येत नाही.

उणे चिन्ह: अरबी शब्दानंतर आलेल्या उणे पाचचं चिन्ह आकड्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसतं.

पल्ला: अरबी शब्दामागे आडव्या रेघेने लिहिलेला १८-३० हा पल्ला ३०-१८ असा दिसतो. उजवीकडून वाचणाऱ्याला तो बरोबरच आहे, पण आकडे डावीकडून वाचायची सवय असलेल्याला नाही. यावर वाद घालू नका. अरबीत "पासून-पर्यंत" असे शब्द वापरून वाक्यच लिहा.

उपाय कठीण नाही, शिस्त हवी. फोन, अक्षांश-रेखांश, उणे आकडे, सिलिंडरचा क्रमांक, प्रमाणपत्राचा क्रमांक या सगळ्यांसाठी एकच छोटा घटक लिहा, जो किंमत बीडीआय टॅगमध्ये (आतल्या मजकुराची दिशा आजूबाजूपासून वेगळी ठेवणारा एचटीएमएल टॅग) गुंडाळून तिची दिशा डावीकडून उजवीकडे ठरवतो. कच्चा आकडा थेट मजकुरात टाकायला टीममध्ये बंदी घाला. माणसाने लिहिलेल्या मजकुराला, म्हणजे जोडीदाराचं नाव किंवा शेरा, दिशा ऑटो ठेवा. एकाच नोंदवहीत अहमद अरबीत आणि त्याचा जर्मन जोडीदार इंग्रजीत लिहिणार. एसएमएस आणि नोटिफिकेशनमध्ये टॅग चालत नाहीत, तिथे युनिकोडची अदृश्य विलगीकरण चिन्हं वापरावी लागतात. एक बारकावा: एकक अरबीत लिहिलं असेल तर ते या डाव्या-उजव्या डब्यात घालू नका. आकडा तेवढा डब्यात, मीटर बाहेर, नाहीतर एकक आकड्याच्या चुकीच्या बाजूला येतं.

मग कोणते अंक? अरब जगात दोन संच चालतात. इजिप्त आणि आखातात पूर्वेकडचे अरबी अंक रोजच्या वापरात दिसतात, मोरोक्को-अल्जीरियाकडे युरोपीय. या प्लॅटफॉर्मवर खोली, दाब, वेळ यांसाठी अरबी पानावरही युरोपीय अंक ठेवा, कारण दाबमापक आणि डायव्ह कॉम्प्युटरवर तेच असतात. पण फोनच्या अरबी कीबोर्डवरून माणूस पूर्वेकडचे अंक टाइप करणारच, ते सर्व्हरवर रूपांतरित करून घ्या, सोबत उर्दू-फारसी अंकांचा संच आणि अरबीचं वेगळं दशांशचिन्हही. आपल्या टेस्टिंग करणाऱ्या मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: पूर्वेकडच्या अंकांतला पाच हुबेहूब आपल्या मराठी शून्यासारखा दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. पन्नास बार दाब बघून "इथे शून्य येतंय, बग आहे" अशी नोंद करणारा कुणीतरी निघतोच.

साठवणीत सगळं एकाच पद्धतीत ठेवा आणि दाखवताना बदला. अमेरिकेत शिकलेला डायव्हर फूट आणि पीएसआय मागतो, बाकीचे मीटर आणि बार. २०० बार म्हणजे सुमारे २९०० पीएसआय. नोंदी आयात-निर्यात करण्यासाठी यूडीडीएफ हा एक्सएमएलवर आधारलेला खुला फाइल-साचा आहे, त्यात खोली मीटरमध्ये, दाब पास्कलमध्ये आणि तापमान केल्विनमध्ये असतं. शिकण्यासाठी सबसरफेस बघा. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने २०११ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि त्याचा कोड वाचता येतो. डायव्ह कॉम्प्युटरमधून माहिती कशी काढतात, हे त्यातून नीट समजतं.

अक्षर आणि शोध

अरबीत अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात, शब्दातल्या जागेप्रमाणे त्यांचं रूप बदलतं. लेटर-स्पेसिंग दिलं की जोड तुटतो. देवनागरीची शिरोरेषा तुटते तसाच प्रकार, त्यामुळे आपल्याला हे पटकन पटतं. ते शून्य ठेवा. कॅपिटल अक्षरं नाहीत, तिरका टाइप शोभत नाही, त्यामुळे जोर द्यायला वजन किंवा रंग वापरा. आकार इंग्रजीपेक्षा थोडा मोठा, ओळींमधलं अंतर सढळ. नोटो नस्ख, कैरो, तजवाल हे खुल्या परवान्याचे टाइप पुरतात. उर्दूचं तिरकं वळण, म्हणजे नस्तालिक, इथे नको.

शोधासाठी साठवताना एक साफ केलेली प्रत ठेवा. अलिफची वेगवेगळी रूपं एक करा, शब्दाच्या शेवटचा गोल 'ता' आणि 'हा' एक धरा, शेवटच्या 'या'ची दोन रूपं एक करा, स्वरचिन्हं आणि अक्षर लांबवणारी रेघ काढून टाका, उर्दूचे चोरपावलांनी आलेले 'ये' नि 'काफ' अरबीत बदला. इंग्रजीतही सोपं नाही: इजिप्तमधल्या रास मोहम्मद या डायव्हिंगच्या जागेतलं मोहम्मद लोक चार-पाच प्रकारे लिहितात, ओमानच्या दयमानियात बेटांचंही तेच. प्रत्येक जागेला पर्यायी नावांची यादी जोडा.

पैसे, तारखा, सुट्ट्या

ओमानी रियाल, कुवेती आणि बहरीनी दिनार, जॉर्डनचा दिनार यांना दशांशानंतर तीन स्थळं असतात. एक रियाल म्हणजे १००० बैसा. रुपयाच्या सवयीने १०० ने भागणारं फंक्शन लिहिलंत तर सहल दहापट महाग दिसेल. रक्कम लहानात लहान एककात पूर्णांक म्हणून ठेवा आणि भागाकार चलनाप्रमाणे बदला.

आठवड्याची सुट्टी देशागणिक वेगळी. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार, सौदी, ओमान, कुवेत, इजिप्तमध्ये शुक्रवार-शनिवार. शनिवार-रविवारचा दर वेगळा ठेवणारं बुकिंग यावर अडखळतं. तारीख छापताना ग्रेगोरियन कॅलेंडर हवं हे कोडमध्ये स्पष्ट लिहा, कारण सौदी अरबी लोकेल (भाषा-देशाची सेटिंग) दिली की काही ब्राउझर हिजरी तारीख देतात. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येतो आणि त्या महिन्यात बोटींच्या वेळा बदलतात, त्यामुळे वेळापत्रक सेंटरला स्वतः बदलता आलं पाहिजे, तुम्हाला फोन न करता.

आरोग्याचा फॉर्म

डायव्हिंगपूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात; सध्या अनेक ठिकाणी चालते ती २०२० ची, पहिल्या पानावर १० प्रश्न असलेली. काही उत्तरं "हो" आली की डॉक्टरांची सही लागते. हे प्रश्न स्वतः अनुवादित करू नका आणि सोपेही करू नका. सेंटरची संस्था अधिकृत अरबी प्रत देत असेल तर शब्दन्‌शब्द तीच घ्या. नसेल तर त्या पानापुरता ऑनलाइन फॉर्म ठेवूच नका, कागद चालू द्या. सुरक्षेच्या मजकुराबाबत एक नियम पाळा: अरबी तयार नसेल तर पान अरबीत प्रसिद्ध होत नाही. अर्धं अरबी, अर्धं इंग्रजी असं पान बाकी कुठेही चालेल, इथे नाही.

हा डेटा संवेदनशील आहे. अमिरातीत २०२१ चा डेटा संरक्षण कायदा आहे, ओमानचा २०२२ चा, आणि सौदीत या कायद्याची पूर्ण अंमलबजावणी १४ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली. सर्व्हर कोणत्या देशात ठेवायचा हे क्लायंटच्या वकिलाकडून लेखी घ्या. चाचणीसाठी खऱ्या लोकांचे फॉर्म बेळगावच्या लॅपटॉपवर उतरवू नका. महिला डायव्हरांसाठी प्रशिक्षिका निवडण्याची सोय आणि फोटो सार्वजनिक न होण्याची सेटिंग सुरुवातीपासून ठेवा; फोटो दाखवणं हे माणसाने स्वतः चालू करायचं असतं.

बोटीवर आणि घाटात

बोटीवर रेंज नसते, हात ओले असतात, ऊन डोळ्यांवर असतं. नोंद आधी फोनमध्ये साठवा आणि किनाऱ्याला आल्यावर पाठवा. बटणं मोठी, रंगांत फरक ठळक, राखाडीवर राखाडी अक्षरं नकोत. दोघांनी एकाच डायव्हची नोंद वेगवेगळी केली तर कुठलीही पुसू नका, दोन्ही ठेवून विचारा. याची चाचणी करायला समुद्र लागत नाही: आंबोली घाट उतरताना रेंज येते-जाते, तेव्हा गाडीत बसल्या बसल्या दहा नोंदी करा आणि सावंतवाडीला किती पोचल्या ते मोजा.

भाषेची चाचणी मात्र बेळगावात होत नाही. अरबी न येणारा माणूस मांडणी तपासू शकतो, मजकूर नाही. सेंटरमधल्या दोघा-तिघांना त्यांच्याच फोनवर काम करायला सांगा, स्क्रीन रेकॉर्ड करा, आणि मध्ये बोलू नका. स्क्रीन रीडरने अरबी पान एकदा वाचून घ्या; भाषेची खूण चुकली असेल तर तो अरबी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला लागतो आणि चूक लगेच पकडली जाते.

कागदपत्रं आणि नंतरचं काम

बेळगावात साडेदहा वाजतात तेव्हा मस्कत-दुबईत नऊ आणि जेद्दात आठ. आपल्या रविवारी मस्कत-जेद्दाचं ऑफिस चालू असतं, हे टीमला आधी सांगून ठेवा. परदेशी ग्राहकाला दिलेल्या सेवेवर जीएसटी शून्य दराने लागतो. नोंदणी असेल तर एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरून कर न भरता बिल करता येतं, पण तो दर आर्थिक वर्षी नव्याने भरावा लागतो. बाकी तपशील तुमच्या सीएकडून घ्या.

देखभालीच्या करारात अरबी मजकूर कोण लिहिणार, किती दिवसांत देणार, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला तर पुढे कोण, हे नावानिशी लिहून घ्या. इंग्रजी बातम्या रोज आणि अरबी बातम्या सहा महिन्यांपूर्वीच्या, अशा साइट खूप दिसतात. आणीबाणीचं पान वेगळं धरा: जवळच्या दाब-कक्षाचा (डायव्हिंगमुळे त्रास झालेल्यावर उपचार होतात ती खोली) पत्ता, तटरक्षक दलाचा आणि डॅनचा फोन, ऑक्सिजन बोटीवर कुठे ठेवलाय. दर तीन महिन्यांनी सेंटरच्या माणसाने प्रत्येक नंबर स्वतः फिरवून बघायचा, आणि तपासल्याची तारीख दोन्ही भाषांतल्या पानावर वरच्या ओळीत छापायची. नंबर जुना झाला असेल तर प्रसिद्धीचं बटण लाल होऊन अडून बसेल, असा नियम कोडमध्येच घाला. माणसाच्या आठवणीवर सोडू नका.